आईच्या काखेतलं अवधाण

आमच्या घरात कणीक आई मळत नसे. ही गोष्ट मी लग्नानंतर सासरी सांगितली तेव्हा माझ्या जावांना ते आईचे लाड वाटले होते. लाड कसले! आई मार्केट यार्डात सुक्या मिरचीच्या गाळ्यावर देठ खुडायला जायची. दिवसभर मिरची हाताळलेल्या हातांनी मळलेल्या कणकेची पोळी आमच्या घरात एकदाच कुणीतरी खाल्ली, आणि ते कुणीतरी म्हणजे माझे वडील, आप्पा. त्या दिवसापासून कणीक मळायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं आणि मी हाताशी आल्यावर मोठ्या आनंदानं माझ्याकडे सोपवलं. आई संध्याकाळी आली की आधी कुणाजवळ येत नसे. सरळ मोरीत जायची, हाताला तेल चोळायची, मग ताकानं हात धुवायची, लुगडं वेगळ्या बादलीत भिजवायची. तरी ती आल्याचं शेजाऱ्यांना कळायचंच, कारण ती जिन्यात असतानाच पहिल्या मजल्यावरचे लोक शिंकायला लागायचे. ‘आल्या वाटतं गयाबाई,’ असं कुणीतरी नाक पुसत म्हणायचं. आईला त्याचं काही वाटत नसे. ‘मला शिंक येत न्हाई, लोकांना येती. मग त्यांनी बघावं,’ असं तिचं म्हणणं. माहेर तिचं आळंदीच्या पुढचं, त्यामुळे पुण्यात वीस वर्षं काढूनही तिच्या बोलण्यातलं ‘हाय’ आणि ‘न्हाई’ गेलं नव्हतं. आप्पांचं बोलणं मात्र अगदी शहरी होतं, आणि ते आईला अहोजाहो करत नसले तरी भांडताना करायचे.

घर विश्रांतवाडीला, दोन खोल्यांचं. विमानतळ जवळ असल्यामुळे लढाऊ विमानं डोक्यावरून जायची आणि मांडणीवरची ताटं थरथरायची. विमान आलं की बोलणारा माणूस वाक्य अर्धवट सोडून थांबायचा आणि आवाज विरला की तिथूनच पुढं बोलायचा. पाहुण्यांना हे विचित्र वाटे. आप्पा सरकारी कारखान्यात फिटर होते. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली त्या वर्षी घरातले देव उचलून नदीत सोडले, आणि आप्पांनी तो वारसा फार कडकपणे चालवला. दृष्ट काढणं, लिंबू उतरवणं, गंडेदोरे, कशालाही घरात थारा नव्हता. एकदा शेजारच्या एका बाईंनी आमच्या उंबऱ्यावर हळदकुंकू लावलेलं लिंबू ठेवलं होतं. आप्पांनी ते कापून सरबत केलं आणि त्या बाईंनाच नेऊन दिलं. ‘पुरावा दाखवा’ हा त्यांचा शब्द. मला तो शब्द लहानपणी फार आवडायचा. आता तो आठवला की अंगावर काटा येतो, कारण आमच्या घरात जे घडलं ते अंधश्रद्धेनं घडलं नाही. ते आम्हाला पुरावा मिळाला होता म्हणून घडलं.

त्या वर्षी मी बी.एस्सी. झाले होते. पुण्यात तेव्हा जिकडे तिकडे कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते. मला कॉम्प्युटर फारसा येत नव्हता, पण इंग्रजी बरं होतं आणि टायपिंगच्या दोन्ही परीक्षा झाल्या होत्या. त्या जोरावर मला एका कंपनीत घेतलं. अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासून झाल्यावर टेलिफोनवर सगळं बोलून ठेवत. ते बोलणं आमच्याकडे यायचं आणि आम्ही ते ऐकून टाइप करून परत पाठवायचो. मेडिकल ट्रान्सक्रिप्शन. आता हे काम यंत्रंच करतात आणि माझ्या मुलीला ते सांगितलं तर ती मी टांगा हाकत होते असं सांगितल्यासारखी बघते. पण तेव्हा ती मोठी नोकरी होती. हॉल गार होता, चपला बाहेर काढाव्या लागत, कानाला हेडफोन आणि पायाखाली एक पेडल. पेडल पुढं दाबलं की डॉक्टर बोलायचा, टाचेनं दाबलं की मागं जायचा. सहा महिने ट्रेनिंग, शेवटी परीक्षा, आणि मग पक्की नोकरी. ट्रेनिंगमध्ये लागोपाठ आठ दिवस दांडी झाली की नाव कमी. आमच्या सगळ्या आळीत हेडफोन लावून नोकरी करणारी मी पहिली होते. निवड झाल्याचं कळलं त्या संध्याकाळी आप्पांनी बोंबलाची चटणी स्वतः केली, आई न बोलता जेवली, आणि जेवण झाल्यावर म्हणाली, ‘बसून करायचं काम हाय ना? झालं तर मग.’ एवढंच. तिला बसून करायच्या कामाचं केवढं अप्रूप असेल ते मला तेव्हा समजलं नाही. देठ खुडायचं कामही बसूनच असतं, पण त्याला ती बसणं म्हणत नसे.

ट्रेनिंग सुरू होऊन महिना झाला असेल. गाळ्यावर एक पोतं सरकवताना हमालाच्या हातातला हूक आईच्या डाव्या तळहाताला, अंगठ्याच्या खाली, लागला. जखम तशी फार खोल नव्हती, पण तीत मिरचीची पूड गेली. दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन ती घरी आली आणि दुसऱ्या दिवशी फडकं बांधून पुन्हा कामावर गेली. व्हायचं तेच झालं. जखम पिकली. दहाबारा दिवसांनी एका संध्याकाळी ती पोलक्याच्या बाहीतून हात घालून काख चाचपत बसली होती. समोर शेवंतामावशी तांदूळ निवडत होत्या. शेवंतामावशी खालच्या मजल्यावर राहायच्या. बाळंतिणीला न्हाऊ घालण्यापासून मुरगळलेला पाय बसवण्यापर्यंत सगळं त्यांना येत असे. त्यांनी सुपातून मान वर न करता विचारलं, ‘अवधाण आलंय का गं?’

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. पायाला जखम झाली की जांघेत गाठ येते, हाताला झाली की काखेत. तिला आपल्याकडे अवधाण म्हणतात. लहानपणी ठेच लागून पिकली की आम्हा सगळ्या मुलांना ते यायचं, आम्ही चार दिवस लंगडायचो, आणि जखम वाळली की गाठही जिरायची. हे खोटं नाही. वैद्यकाची पुस्तकंही हेच सांगतात. शरीरात रक्ताशिवाय आणखी एक पाणी फिरतं, लसिका. पेशींच्या फटीतून पाझरलेलं हे पाणी गोळा करून परत रक्तात नेऊन सोडणाऱ्या बारीक नळ्यांचं जाळं सगळ्या अंगभर असतं. वाटेत जागोजागी घेवड्याच्या दाण्याएवढ्या गाठी असतात, काखेत, जांघेत, मानेत, आणि पाणी त्यांच्यातून गाळून पुढं जातं. जखमेतले जंतू त्या पाण्याबरोबर वाहत आले की गाठ त्यांच्याशी झगडते आणि सुजते. म्हणजे आमच्या शेवंतामावशींना पुस्तक न वाचता जे ठाऊक होतं ते बरोबर होतं. आप्पांनी कधी नव्हे ते शेवंतामावशींना दाद दिली. ‘याला म्हणतात कार्यकारणभाव,’ ते मला म्हणाले. ‘हाताला जखम, काखेत गाठ. पुरावा समोर आहे.’

उपायही ठरलेला होता. रुईचं पान, त्याला एरंडेल, तव्यावर गरम करायचं आणि गाठीवर ठेवून शेकायचं, मग हलक्या हातानं चोळायचं. हे काम माझ्याकडे आलं. रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर मी रुईची पानं तव्यावर टाकायचे, त्यांचा हिरवट, उग्र वास मिरचीच्या वासात मिसळायचा, आणि आई भिंतीकडे तोंड करून, डावा हात उशीवर टाकून बसायची. उजव्या हातानं ती पदर छातीशी घट्ट धरून ठेवायची. मी म्हणायचे, ‘आई, मी आहे गं, कशाला एवढं?’ ती म्हणायची, ‘तू तुझं बघ.’ मला वाटलं, लाजतेय. आपल्याकडच्या बायका मुलीसमोरही अंग झाकतात, त्यात नवल काय! पान गार झालं की मी गाठीवर बोटं फिरवायचे. गाठ सुपारीएवढी होती आणि सुपारीसारखीच कडक. मी दाबलं तर आईला दुखायचं नाही. ‘दुखत नाही ना?’ मी विचारायचे, आणि ती ‘न्हाई’ म्हणाली की मला बरं वाटायचं. दुखत नाही म्हणजे उतार पडतोय असं मी धरून चालले होते. किती संध्याकाळी मी तो शेक दिला असेल ते मी आजवर मोजलेलं नाही, आणि मोजायची माझी तयारीही नाही.

महिनाभरात तळहाताची जखम भरून आली. नवी गुलाबी कातडी आली. गाठ मात्र तशीच राहिली. शेवंतामावशींनी चाचपून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘मिरची आत गेलीय ना, ती आतून निघाल्याबिगर गाठ बसायची न्हाई.’ आप्पांनाही ते पटलं. तिखट आत राहिलं असेल तर दाह राहणारच. मग एकीशेजारी दुसरी गाठ हाताला लागायला लागली, तेव्हाही आम्ही तेच म्हणालो. एकदा मानलेलं कारण किती दिवस पुरतं बघा! या काळात आईच्या वागण्यात बारीक बारीक बदल होत होते. ती दोरीवर कपडे वाळत घालेनाशी झाली, बादली माझ्यापुढं सरकवायची. बसमध्ये वरचा दांडा उजव्याच हातानं धरायची. केस विंचरताना डावा हात वर जायचा नाही, मग ती मान खाली घालून हातापर्यंत डोकं न्यायची. रविवारी विहारात वंदनेला बसली की हात जोडताना डावा कोपर अंगाला चिकटलेला असायचा. मी हे सगळं बघत होते. बघूनही मला दिसलं नाही, आणि दिवसभर मी कानात जे भरून घेत होते त्याचा या घराशी काही संबंध असेल असं माझ्या मनातही आलं नाही. अमेरिकेतल्या बायकांचे आजार अमेरिकेतल्या बायकांना होतात, असं काहीसं माझ्या डोक्यात असावं.

ट्रेनिंगचा सहावा महिना लागला होता. आमचं टाइप केलेलं तपासायला एक आपटे मॅडम होत्या. शनिवार पेठेत राहायच्या, एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत सगळी नोकरी करून निवृत्त झालेल्या, आणि बोलण्यात अशा की माणसानं एक प्रश्न विचारला तर दुसरा विचारू नये. ‘आपण स्पेलिंग स्वतः शोधून काढता की देवावर सोडता?’ असं त्या मला पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या. त्या दिवशी दुपारी माझ्याकडे एक फाइल आली. डॉक्टर म्हातारा असावा, घसा साफ करत सावकाश बोलत होता. पेशंट बाई, वय सत्तेचाळीस. आईचंही वय तेवढंच. डाव्या काखेत गाठी लागतात. कडक. दुखत नाहीत. एकमेकींना चिकटलेल्या, आणि खाली पक्क्या बसलेल्या, हलत नाहीत. मी ते टाइप केलं. पुढं तो छातीबद्दल बोलायला लागला आणि माझी बोटं थांबली, कारण बोटांना ते ओळखीचं होतं. मी टाचेनं पेडल दाबलं. कडक, दुखत नाहीत, चिकटलेल्या. पुन्हा दाबलं. तो तेच, त्याच आवाजात, घसा साफ करून म्हणाला. असं मी किती वेळा केलं कोण जाणे. शेजारच्या मुलीनं मला हलवलं तेव्हा माझी टाच पेडलवरच होती.

मी उठून आपटे मॅडमच्या टेबलाशी गेले. ‘मॅडम, काखेतलं अवधाण दुखत नसेल तर ते बरं होत आलेलं असतं ना?’

त्यांनी चष्मा खाली घेतला. ‘कुणाच्या काखेतलं?’

‘आईच्या.’

‘किती महिने?’

‘चार होत आले असतील. हाताला हूक लागला होता.’

‘हात बरा झाला?’

‘कधीच झाला.’

त्यांनी खुर्ची ओढून मला बसवलं. मला त्या कधीच बस म्हणाल्या नव्हत्या, आणि त्या खुर्चीचीच मला जास्त भीती वाटली. ‘जंतूंनी सुजलेली गाठ दुखते, हलते, आणि जखम बरी झाली की उतरते,’ त्या म्हणाल्या. ‘दुखत नाही हे चांगलं लक्षण नाही गं. काखेत फक्त हाताचं पाणी येत नाही. स्तनाचंही तिथंच येतं.’ त्यांनी कागदावर दोन रेघा काढल्या, एक हाताकडून, एक छातीकडून, दोन्ही एकाच ठिपक्याशी आणल्या. नळ्यांच्या भिंती फार पातळ असतात, कॅन्सरची पेशी त्यांच्या फटीतून आत शिरते, पाण्याबरोबर वाहत येते आणि पहिल्या गाठीत अडकते. अडकते म्हणजे मरतेच असं नाही. तिथं ती वाढते, गाठ भरते, मग पुढची, मग तिच्या पुढची, गळपट्टीच्या हाडापर्यंत. त्या सांगत होत्या आणि मी त्या ठिपक्याकडे बघत होते. तीन महिन्यांहून अधिक काळ मी त्याच ठिपक्यावर रुईचं पान ठेवून बोटांनी चोळत होते. ‘मी चोळत होते मॅडम,’ मी म्हणाले. माझ्या आयुष्यात मी इतकी घाबरलेली तेव्हाच होते, बाळंतपणातही नव्हते. आपटे मॅडम म्हणाल्या, ‘चोळून काही झालं असेल म्हणून रडत बसू नकोस. वेळ गेला, ते झालं. उठ, घरी जा, आणि उद्या तिला सर्जनकडे ने. चिठ्ठी मी देते.’ हे वाक्य मला पुढं वर्षानुवर्षं पुरलं, आणि तरी पूर्ण पुरलं असं मी म्हणणार नाही.

घरी आले तेव्हा आई मोरीत हाताला तेल लावत होती. मी चपलाही न काढता आत गेले आणि म्हणाले, ‘पदर काढ. मला बघायचंय.’ ती म्हणाली, ‘डोकं फिरलं का तुझं?’ मी तिचा पदर ओढला. तिनं माझ्या हातावर फटका मारला, तेलकट, तिखट हातानं, आणि मी डोळ्याला हात लावला तेव्हा तो भगभगायला लागला. एका डोळ्यातून पाणी गाळत मी तिच्या पोलक्याची बटणं काढली. तिनं मग विरोध सोडला. डाव्या स्तनाची कातडी एका जागी आत ओढली गेली होती, खाली कुणी दोरा धरून ताणल्यासारखी. आजूबाजूची कातडी संत्र्याच्या सालीसारखी जाड झाली होती. वरून विमान गेलं. आम्ही दोघी ते जाईपर्यंत तशाच उभ्या राहिलो. आप्पा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी पेपराची घडी घातली, ती पुन्हा उलगडली, आणि म्हणाले, ‘पण हाताला जखम होती ना?’ मला त्यांचा भयंकर राग आला. मग लक्षात आलं, हेच मी दुपारी आपटे मॅडमना म्हणाले होते.

सर्जन तरुण होते आणि घाईत होते. त्यांनी आईला तपासलं, गळपट्टीच्या हाडाच्या वर बोटं फिरवली, तिथं थोडं थांबले, आणि हात धुताना विचारलं, ‘छातीतली गाठ केव्हा लक्षात आली?’ मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. हूक लागला ती तारीख मला पाठ होती. आई माझ्या आधी बोलली.

‘हाताला लागायच्या आधी.’

‘किती आधी?’

‘हिचं ते कामाचं ठरलं ना, त्या आठवड्यात. न्हाताना लागली हाताला.’

सर्जननी कागदावर लिहून घेतलं. मी रोज अशा ओळी टाइप करत होते, ‘पेशंटला अमुक महिन्यांपूर्वी गाठ जाणवली,’ आणि ती ओळ लिहिली जाताना खोलीत कोण कोण उभं असतं याचा मी कधी विचार केला नव्हता. बाहेर बाकड्यावर बसल्यावर मी तिला विचारलं, ‘आम्ही सगळे अवधाण अवधाण करत होतो तेव्हा तू बोलली का नाहीस?’ ती पिशवीचे बंद नीट करत म्हणाली, ‘शेवंता म्हणाली अवधाण, तुझा बाप म्हणाला अवधाण. मला बी वाटलं, असंल. काखेतली त्याची, छातीतली छातीची. दोन निरनिराळ्या.’ मग जरा थांबून म्हणाली, ‘आन् तुझी परीक्षा व्हायची होती. मी अंथरूण धरलं असतं तर तू त्या गार खोलीत बसली असतीस व्हय? सहा महिनं काय, आत्ता जातील म्हटलं.’ आप्पा पलीकडे बसले होते. त्यांनी ते ऐकलं. ते उठून पाणी प्यायला गेले आणि बराच वेळ आले नाहीत. मला आईचा राग आला होता, खरंच सांगते, दया नंतर आली. माझ्या नोकरीसाठी थांबायला तिला कुणी सांगितलं होतं?

ऑपरेशन झालं. स्तन काढला, काखेतल्या गाठी काढल्या. आपटे मॅडमनी ऑफिसात कुणाशी काय भांडण केलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण माझं नाव कमी झालं नाही, परीक्षाही मला नंतर एकटीला देता आली. आठव्या दिवशी रिपोर्ट मिळाला. आप्पांना इंग्रजी वाचता यायचं, पण त्यांनी तो माझ्याकडे दिला. एव्हाना ती भाषा मला घरच्या भाषेसारखी येत होती. काढलेल्या चौदा गाठींपैकी अकरा भरलेल्या. आणि खाली आणखी एक ओळ, की पेशी गाठींची आवरणं फोडून बाहेरच्या चरबीत गेल्या आहेत. मी तो जिन्यातच उभ्यानं वाचला, घडी घालून पिशवीच्या तळाशी ठेवला, आणि वर वॉर्डात गेले.

आई उशीला टेकून बसली होती. पेज अर्धी पिऊन वाटी बाजूला ठेवलेली. तिनं मला जवळ बसवलं आणि म्हणाली, ‘मला एक सांग. छातीतलं काखेत गेलं कसं? ते डॉक्टर भराभरा बोलत्यात, मला न्हाई समजत.’ मी तिला समजावून सांगायला लागले. लसिका, नळ्या वगैरे म्हणून झालं, तिला काही कळेना. मग मी म्हणाले, ‘आळंदी रस्त्याचा जकात नाका आहे ना? गाड्या येतात, नाक्यावर थांबवतात, माल तपासतात, मग पुढं सोडतात. ही काखेतली गाठ म्हणजे नाका.’

तिचा चेहरा उजळला. मार्केट यार्डातल्या बाईला नाका काय सांगायचा! ‘म्हंजे चोरीचा माल अडवला नाक्यानं.’

‘हो.’

‘आन् नाक्यावरचे बी खाऊन बसले असतील थोडं,’ ती म्हणाली आणि हसली. हसताना टाके ओढले गेले म्हणून तिनं उजवा हात छातीवर ठेवला. मग तसाच हात ठेवून, माझ्याकडे न बघता, तिनं विचारलं, ‘पुढं गेली का गाडी?’

ती काय विचारत होती ते मला समजलं. आपण थांबलो त्या सहा महिन्यांत काय झालं, हे तिला जाणून घ्यायचं होतं. पिशवी माझ्या मांडीवर होती. आप्पा खिडकीशी उभे होते, पाठमोरे, आणि आयुष्यभर पुरावा मागणाऱ्या त्या माणसानं तेव्हा मागं वळून एक शब्द विचारला नाही.

‘नाही,’ मी म्हणाले. ‘नाक्यावरच अडली. सगळा माल उतरवून घेतला.’

आईनं आता माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला का, हे मला आजही सांगता येत नाही. ‘मग बरं झालं,’ ती म्हणाली. ‘मग उद्यापास्नं कामावर जायचं. इथं बसून काय करणार तू?’

मी गेले. ती घरी आल्यावरही जात राहिले. सकाळी माझ्या आधी उठून ती डबा भरायची. गाठी काढल्यामुळे पाण्याची वाट बंद झाली होती आणि तिचा डावा हात खांद्यापासून बोटांपर्यंत सुजला होता. त्या हातानं डब्याचं झाकण लागायचं नाही, म्हणून ती डबा पोटाशी धरून उजव्या तळव्यानं झाकण दाबायची. मी ‘राहू दे’ म्हटलं की ऐकायची नाही. असे अकरा महिने गेले. त्यानंतर मी डबा न्यायचं सोडलं.